चोबे नदी, सानूची जीप

७ जुलै, पूर्णगड
परवा विमान — आफ्रिका! एकसष्टाव्या वर्षी! मासेमारीबंदीचे दिवस, होडी वर ओढून झाकून ठेवलेली. म्हणजे कामाची सबबही नाही. तुळसा महिनाभर मागे लागली होती. "जा हो, लेकीचं काम एकदा डोळ्यांनी बघून या."

सानवी मुंबईच्या एका कंपनीत आहे. फोटो काढणाऱ्या लोकांना जंगलात घेऊन जाते. सहा वर्षं झाली. यावेळी एकाचं यायचं रद्द झालं, ती जागा तिनं मला दिली.

मी हो म्हटलं ते वेगळ्याच कारणानं. इथं खरं लिहितो. चिपळूणच्या भाटकरांना मी मे महिन्यात सानूच्या लग्नाचा शब्द देऊन बसलोय. मुलगा चिराग, स्वभावानं चांगला. त्यांची अट एकच — लग्नानंतर मुलीनं हे रानोमाळ फिरणं सोडायचं. मी म्हटलं, सोडेल! सानूला विचारलेलं नाही. तुळसाला सांगितलं तर ती उठून चहा ठेवायला गेली. तिकडे निवांत वेळ बघून सानूशी बोलणार.

११ जुलै, कसाने, बोट्स्वाना
थंडी! कानटोपी, वर सानूची शाल, तरी दात वाजतात. सानू धरून आमची सातजणांची टोळी. सगळ्यांकडे हातभर लांब कॅमेरे. मला सानूनं तिचा जुना दिलाय.

दुपारी नदीत बोट. चोबे नदी, पलीकडचा काठ नामिबियाचा. पाणी पाहून बरं वाटलं. बोटवाला भोवऱ्याला वळसा घालून गेला तसा मीही गेलो असतो. पाण्यात पाणघोडे — नुसते कान आणि डोळे वर. हत्ती पोहत बेटावर गेले, सोंड वर धरून! मी धडाधड बटण दाबत सुटलो. एकही धड नाही, सगळी ढुंगणं.
सानू म्हणाली, "बाबा, आधी बघा. मग दाबा."
हे मी तिला गळ टाकताना सांगायचो. आधी बघ, मग टाक.

१२ जुलै
आज बोलायचं होतं. झालं नाही. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत ती माणसांच्या मागे. कुणाची लेन्स अडकली, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला जेवणात कांदा नको. कंटाळत नाही. बिबट्यासाठी तीन तास एका झाडाखाली थांबलो. तो आलाच नाही. कुणी कुरकुरलं नाही, तिनं त्यांना झाडावरचा किंगफिशर दाखवला होता.

१३ जुलै
आजचं सगळं लिहून ठेवतो.
सकाळी नदीकाठच्या भुसभुशीत वाळूत जीप रुतली. आमचा गाइड कागिसो उतरणार एवढ्यात झाडीतून हत्तिणी आल्या. वीस-बावीस, पिलांसकट. पाण्याची वाट आमच्यावरूनच! सगळ्यांत मोठी पुढे आली. कान पसरले. आमच्यात आणि तिच्यात दोन होड्यांचं अंतर.

पुण्याचे एक बँकेतले काका उठून ओरडायला लागले — "गाडी चालू करा! चालू करा!" मीसुद्धा अर्धा उठलो. वादळात होडी वळवलेला माणूस मी, आणि जीपची दांडी सोडवत नव्हती.
सानू ओरडली नाही. हळू म्हणाली, "काका, बसा. माझ्याकडे बघा. तिच्याकडे नको." काका बसले. मग मागे न बघता तिनं माझ्यापुढे हात धरला, तळवा खाली. मी बसलो. मुकाट.

हत्तीण धावून आली — धूळ, फुत्कार — आणि थांबली. सानू तशीच. तिचा खांदा मला दिसत होता, श्वास संथ. किती वेळ गेला कोण जाणे. मग पिलू आईच्या पोटाखालून निघून पाण्याकडे पळालं, आणि त्याच्यामागे सगळ्या.
रान मोकळं झाल्यावर कागिसोबरोबर सानूनंच फावडं घेतलं, चाकाखाली फांद्या टाकल्या. जीप निघाली. काकांनी तिला हात जोडले. तिनं त्यांना पाणी दिलं.
कागिसो धरून आठ माणसं आज जिवंत आहेत. देवा, तुझे उपकार. आणि तिचेही.

१४ जुलै
शेवटची सकाळ. चहा घेत नदीवर बसलो दोघं. सांगून टाकलं सगळं — भाटकर, चिराग, अट, माझा शब्द.
तिनं कप खाली ठेवला. रागावली असती तर सोपं होतं.
"मला विचारायचंत ना, बाबा."
"चुकलं गो. परत गेल्यावर पहिला फोन त्यांना."
"लोक काय म्हणतील तुम्हाला? शब्द फिरवला म्हणून?"
"म्हणू देत. माझी लेक त्यांनी हत्तिणीसमोर बघितलेली नाही."
हसली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं — लहानपणी शेवटचं ठेवलं असेल. या एका सकाळसाठी मी आफ्रिका काय, कुठंही गेलो असतो.

१८ जुलै, पूर्णगड
भाटकरांना फोन लावला. शब्द मागे घेतो, माफ करा — एवढं पाठ केलं होतं. ते हसायलाच लागले!
"अहो भागोजीशेठ, वहिनी जूनमध्येच इथं येऊन नकार देऊन गेल्या. म्हणाल्या, यांना काही बोलू नका. आफ्रिकेहून आले की स्वतःच फोन करतील."
तुळसा पडवीत सुकट निवडत होती. वरसुद्धा बघितलं नाही.
"झालं बोलून? चहा ठेवते."