साडेपाच नंबरचा मास्क

३ एप्रिल
काल देवळासमोरच्या मांडवात चाळीस मिनिटं बोललो. सल्लागाराच्या अहवालातलं वाक्य तीनदा वाचून दाखवलं: 'सदर खड्ड्यात पावसाचे पाणी साचते. नैसर्गिक झरा अथवा बांधीव तळ आढळून आला नाही.' बिल्डरने नेमलेला माणूस. बूट भिजू नयेत म्हणून काठापासून चार पावलं मागे उभा राहिला आणि तिथून त्याला तळ आढळून आला नाही. ज्या बावखलावर, सात घरांच्या सामाईक तळ्यावर, सांडोरच्या आमच्या वाडीतली केळी चार पिढ्या वाढल्या, तो यांच्या कागदावर खड्डा. खड्डा म्हटलं की बुजवायला मोकळे.
टाळ्यांच्या भरात म्हणालो, "२८ तारखेला तहसीलदार साहेब पाहणीला येतायत. त्यांच्यासमोर मी स्वतः तळाशी जाईन आणि वाहता झरा दाखवीन." म्हणालो ते म्हणालो. मागे घेणार नाही.
घरी बायको, सुनंदा: "पोहता येतं हो तुम्हाला. पण चष्मा काढला की समोर बसलेली मी दिसत नाही, झरा काय दिसणार?"
पाणी उपसून दाखवणं सोपं होतं. पण त्याला सात भागीदारांच्या सह्या लागतात आणि चौघांनी आधीच बिल्डरला सह्या देऊन टाकल्यात. पहिली सही विलासची. माझा सख्खा चुलतभाऊ.

४ एप्रिल
वसईत स्टेशनजवळचं खेळाच्या सामानाचं दुकान. पाण्याखाली बघायला काहीतरी हवं म्हटलं. "हा घ्या अंकल, सगळी मुलं हाच नेतात." पोहायचा चष्मा. वीस फूट खाली चालेल का? "चालेल की. खाली पण पाणीच आहे ना?"
घेतला. मूर्ख मीच.

५ एप्रिल
सकाळी उतरलो. दहा फुटांवर कोणीतरी डोळे खोबणीतून ओढून काढतंय असं वाटलं. वर आलो तेव्हा दोन्ही डोळे लालभडक. पाणी हिरवं, हात पुढे केला तर बोटं धूसर.
सु. म्हणाली, "आरशात बघू नका, घाबराल."
आप्पा, माझे वडील, ओट्यावर बसून सगळं बघत होते. वय त्र्याऐंशी, नजर अजून माझ्यापेक्षा बरी. "आम्ही पाणी उपसून उतरायचो. भरल्या पाण्यात बगळा तोंड घालतो."
दर वैशाखात गाळ काढायचे तेव्हाची गोष्ट. सातही घरं चिखलात. ते बंद पडून सव्वीस वर्षं झाली. का बंद पडलं विचारलं की आप्पा म्हणतात, "बोअर आल्या."

७ एप्रिल
ज्युलीकडे गेलो. माझी जुनी विद्यार्थिनी, आता नायगावच्या नव्या टॉवरात राहते. सुट्ट्यांत मालवणला जाऊन पर्यटकांना समुद्राखाली नेते. माझे डोळे बघून आधी हसली, मग चिडली.
"सर, नाक आत पाहिजे. खाली जाल तसं पाणी काच चेहऱ्यावर दाबतं. नाकातून थोडी हवा आत सोडली की दाब सुटतो. तुमच्या चष्म्यात नाक बाहेर. हवा सोडणार कुठून?"
एवढं साधं. आणि ते विकणाऱ्याला माहीत नाही. या शहराला तीन बाजूंनी पाणी आहे आणि पाण्यात उतरायचं कसं हे सांगणारं एक दुकान नाही. बाथरूमचे नळ मात्र जाल तिथे.
ती सिलिंडर घेऊन सोबत येईल. अट: आधी तीन दिवस तरणतलावात सराव, आणि मास्क माझा स्वतःचा. "माझा देऊन चालणार नाही सर. प्रत्येकाचा चेहरा वेगळा." मग माझ्याकडे नीट बघून, "आणि तुमची ती... जाऊ दे. दुकानात कळेल."

१० एप्रिल
मुंबईची खेप वाचवावी म्हणून मोबाइलवरून मागवला. 'तज्ज्ञांची पसंती.' खोक्यातून निघालं ते अख्खं तोंड झाकणारं, डोक्यावर नळी असलेलं प्रकरण. ज्युलीला फोटो धाडला. उलट उत्तर: "हा वरवर तरंगायला आहे. हा घालून खाली गेलात तर मी येणार नाही आणि तुमच्या शोकसभेलाही येणार नाही."
परत पाठवायला गेलो तर कारण निवडा म्हणे. रंग आवडला नाही. आकार चुकला. विचार बदलला. जीव जाईल, असं कारण यादीत नाही. 'रंग आवडला नाही' दाबलं. संताप नुसता.

१२ एप्रिल
शेवटी मुंबई. ज्युलीने सांगितलेलं दुकान, तीही सोबत आली. बोळात, पहिल्या मजल्यावर, फक्त पाणबुड्यांचं सामान. मालक कमी बोलणारा. हा पहिला माणूस ज्याने किंमत सांगण्याआधी माझा चेहरा बघितला.
परीक्षा अशी: पट्टा न लावता मास्क तोंडावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. तसाच चिकटून राहिला तर आपला. कड सिलिकॉनची हवी, साध्या प्लास्टिकची लवकर कडक होते. काच टणक केलेली हवी, फुटली तर डोळ्यांत जाऊ नये. आणि माझ्यासारख्याला नंबरची काच बसवून मिळते, अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने. माझी साडेपाच. दोन्ही डोळ्यांची त्याच्याकडे तयार होती.
सात मास्क लावले. सातही पडले.
मालक म्हणाला, "मास्कात दोष नाही. मिशी आड येते. हवा तिथून शिरते, खाली पाणी शिरेल."
वरची कड कातरली तर?
"काहींचं भागतं." माझ्या मिशीकडे बघत राहिला. "तुमचं नाही भागणार."
ज्युली खिडकीतून बाहेर बघत होती. खांदे हलत होते.
एक मास्क आठवडाभर बाजूला ठेवायला सांगितला.

१३ एप्रिल
सकाळी वस्तरा काढला. सु. दारात. "आप्पा आहेत अजून."
बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नाही. बाप गेल्यावरच. तीस वर्षं मी व्यासपीठांवरून असल्या समजुतींची सालं काढतोय. लोकांच्या घरी जाऊन ताईत तोडलेत. सुनंदाला म्हणालो, तू पदवीधर बाई आहेस. ती म्हणाली, "मी कुठे अडवतेय? काढा की."
वीस मिनिटं आरशासमोर उभा. साबण वाळला. तोंड धुऊन बाहेर आलो.
दिवसभर कोणाशी धड बोललो नाही. राग कुणाचा, हे मला चांगलं माहीत होतं.

१४ एप्रिल
आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.
आप्पांनी चहाच्या वेळी बोलावलं. सु.ने सांगितलं असणार. "माझ्यासाठी ठेवलीयस का मिशी?"
मी म्हटलं, तसं काही नाही.
"मानाची गोष्ट आहे ना ती? मग आधी ऐक, आणि द्यायचा की नाही मान ते ठरव."
गाळ काढताना झरा चालू असला तर चिखलात उभं राहता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी झऱ्याच्या तोंडात काथ्याचा बोळा ठोकायचे, वर सपाट दगड. झऱ्याभोवती उंबराच्या लाकडाचं कडं, पाण्यात न कुजणारं, त्यात तो दगड बरोबर बसायचा. शेवटच्या दिवशी नारळ वाहून बोळा काढायचा. ते काम पाळीचं. त्या वर्षी ज्या घराची पाळी, तो उतरणार, आणि पहिलं पाणी त्याच्या केळींना. इतकं मला ठाऊक होतं.
ठाऊक नव्हतं ते असं. सव्वीस वर्षांपूर्वी पाळी कुणाची यावरून आप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ, विलासचे वडील बाळकाका, काठावर भांडले. वाटणीनंतरचं पहिलंच वर्ष. थोरल्या घराची पाळी आता दोघांत कशी मोजायची? हा उतरला की तो ओढायचा, तो उतरला की हा. तीन दिवस. बाकीचे कंटाळून घरी गेले. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि बावखल भरला.
"मग?"
"मग काय. तो म्हणाला मी काढीन, मी म्हणालो मीच काढीन. कोणीच नाही काढला."
म्हणजे बोळा अजून तिथेच आहे. झरा आम्हीच बुजवला. साचलेलं पाणी, असं तो बूट न भिजवणारा माणूस म्हणतो, आणि ते खरं आहे.
त्या वर्षी मी कुठे होतो, तेही आठवलं. कोल्हापुरात. व्याख्यानमाला. विषय, पाण्यावरचा हक्क.
उठलो आणि मिशी उतरवली. दोन मिनिटं लागली.

१५ एप्रिल
आप्पांशी बोललो नाही. बोअर आल्या म्हणे. सव्वीस वर्षं त्याच ओट्यावर बसून पाणी हिरवं होताना बघितलं या माणसाने. बाळकाका वारले तेव्हा खांदा द्यायला गेले, तेव्हाही नाही बोलले. आता विलासने सही दिली तर त्याला कुळबुडवा कोण म्हणतं? मीच, मांडवात, माईकवरून.

१९ एप्रिल
नायगावला टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये सभा. ज्युलीने जमवलेली, शंभरेक माणसं. टँकरच्या पाण्यावर जगणारी. चांगलं ऐकत होती. शेवटी एका बाईने विचारलं, "सर, झरा चालू आहे ना पण?"
"चालू आहे," म्हणालो.
इतकी वर्षं बोलतोय. चुकलो असेन, चढ्या आवाजात बोललो असेन, पण जाणूनबुजून खोटं आज पहिल्यांदा. टाळ्याही आजच सगळ्यांत जास्त. परतताना रिक्षात ज्युलीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "सर, हे तुम्ही त्यांना सांगाल की मी सांगू?"
मी सांगीन म्हटलं.

२१ एप्रिल
मास्क आणला. टेकवला, श्वास ओढला, हात सोडले. चिकटून राहिला. मालकाने माझ्या ओठाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही, याबद्दल त्याचे आभार.
नव्या काचेवर कारखान्याचा तेलकट पापुद्रा असतो, त्याने आत धुकं धरतं. घरी टूथपेस्ट लावून बोटाने घासायची, दोन-तीनदा. आप्पा न बोलता जवळ येऊन बसले. एका काचेला ते घासत होते, एका मी. अजून बोलत नव्हतो आम्ही.

२५ एप्रिल
तीन दिवस तरणतलावात झाले. आज उतरलो.
सहा फुटांनंतर हिरवा अंधार. ज्युलीच्या हातातला दिवा. नाकातून हवा सोडत, कान मोकळे करत. मग गाळ. हाताने सारत गेलो, ढग उठले, थांबलो, खाली बसले. आणि लाकूड लागलं. गोल. उंबराचं कडं, जागच्या जागी, काळंभोर, कालच बसवल्यासारखं घट्ट. आत सपाट दगड. साडेपाच नंबरच्या काचेतून मला त्याच्यावरचे छिन्नीचे घाव दिसले.
बांधीव तळ आढळून आला नाही म्हणे.
ज्युलीने खूण केली: उचलू? मी मानेनेच नको म्हटलं. आज उचलला तर मंगळवारी साहेब म्हणतील, तुम्हीच काहीतरी केलंत. त्यांच्यादेखत उचलायला हवा. उचलला आणि पाणी आलंच नाही तर? सव्वीस वर्षांत झरा दुसरीकडे फिरला असेल. मग सगळ्यांदेखत सल्लागार खरा आणि मी खोटा.
वर आल्यावर आप्पांना म्हणालो, "कडं आहे."
"दगड?"
"आहे."
त्यांनी मान खाली घातली. दहा दिवसांत बोललेले हे पहिले शब्द.
संध्याकाळी क्लबहाऊसच्या ग्रुपवर लिहिलं: मी खोटं बोललो, झरा बंद आहे, आमच्याच घराने बंद केला, मंगळवारी उघडणार. अकरा जण ग्रुप सोडून गेले. त्या बाईने लिहिलं, 'आम्ही येतो.'

२६ एप्रिल
दुपारी विलास आला. वर्षभराने आमच्या ओट्यावर. बातमी गावभर झालेली. मला वाटलं बिल्डरचा निरोप असेल, आणि माझी तयारी होती. चार वाक्यं जिभेवर होती, चारही धारदार.
तो उभ्यानेच म्हणाला, "दादा, दगड उचलणार म्हणे."
"हो."
"तो तू नाही उचलायचा. पाळी आमची होती."
मला ऐकू आलं ते खरं वाटेना. "तू सही दिलीयस विलास. बुजवायला सही दिलीयस आणि पाळी मागतोस?"
"सही जमिनीची. पाळी बापाची. तो मरेपर्यंत हेच म्हणत होता. तू नव्हतास ऐकायला, मी होतो."
आतून आप्पांचा आवाज आला, "पाळी त्याचीच होती."
सव्वीस वर्षांनी. इतक्या सहज. मला ओरडायचं होतं, दोघांवर. साहेबांसमोर याने स्वतः झरा उघडला तर याच्या सहीला काय किंमत उरेल, हे विलासला कळत नसेल असं नाही. कळूनच आला असेल. किंवा नुसता बापाच्या हट्टापायी आला असेल. त्याच्या तोंडावरून काही समजत नव्हतं.
माझं काय? मांडवात शब्द मी दिलाय. लोक मला बघायला येणार.
मी म्हणालो, "उतर तू."
माझा मास्क त्याने लावून बघितला आणि लगेच काढला. "घेरी आली. कसला नंबर आहे हा? मला नुसती साधी काच लागेल." ज्युलीने फोनवर समजावलं: सिलिंडर नको, ती खाली दिवा धरेल, त्याने एका श्वासात जायचं. लहानपणी तो सगळ्यांत खोल बुडी मारायचा, हे खरं. पण नाक झाकणारा मास्क हवाच, आणि स्वतःच्या तोंडावर बसणारा.
"कुठून घेतलास?"
पत्ता लिहून दिला. बोळ, पहिला मजला, जिना डावीकडे. मालक कमी बोलतो, हेही लिहिलं. त्याने कागद चार घड्या करून खिशात ठेवला. "उद्या सकाळी जातो."
गेला. आप्पा दारापर्यंत त्याच्यामागे गेले, परत आले.
उद्या सोमवार. ते दुकान सोमवारी बंद असतं, आणि मंगळवारी पाहणी. सांगायचं राहिलं, असं लिहिणार होतो. राहिलं की सांगितलं नाही, ते अजून ठरत नाही. फोन समोर आहे.