सर्व्हेच्या बाईंना बिर्याणी

शुक्रवार, २ फेब्रुवारी २००७
घरमालक येऊन गेला. व्हिला पाडून नवा बांधायचाय, मेअखेर खाली करा म्हणाला. घाबरायचं कारण नाही. कतारमध्ये, त्यातही दोह्यात, घरांना तोटा नाही. निश्चय: आजपासून रोज एक घर बघायचं. आज सुट्टी आहे. उद्यापासून.

मंगळवार, २० फेब्रुवारी
एकूण तीन घरं बघितली. भाडी दुप्पट. तिसऱ्या घरी बायको, अजरा, आत आलीच नाही, गाडीतच बसून राहिली. कंपनीचा हाउसिंग अलाउन्स चार वर्षांपूर्वीचाच. पण चढलेलं उतरतंच. स्टोअरमध्ये आठ वर्षं काढलीत, बाजार कळतो मला.

रविवार, ४ मार्च
ऑफिसात सर्क्युलर. भाडेवाढीचा स्टाफच्या फॅमिलीवर काय परिणाम होतो, यावर एक संस्था रिसर्च करणार. आमच्या ग्रेडची वीस घरं निवडलीत. त्यात मी! अजरा म्हणाली, अल्लाने ऐकलं, सगळं खरं सांगून टाका, अलाउन्स वाढेल. भोळी आहे. रडणाऱ्याला प्रमोशन कोण देतो? असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी आहे.

गुरुवार, ८ मार्च
सर्व्हेच्या बाईंचा फोन. लिझी डिमेलो, वसईच्या. मराठी बोलतात! पंचाईत. मल्याळी कोणी असता तर बोललोही असतो खरं. मराठी माणसाला सांगितलं की आठवड्यात रत्नागिरीत आमच्या मोहल्ल्यात बोंब. निश्चय: मोजकं बोलायचं. चहा-बिस्किट, खलास.

शुक्रवार, ९ मार्च, संध्याकाळी
मटण बिर्याणी, तळलेली सुरमई, सांदणं. घरी आलेल्या माणसाला नुसत्या चहावर कसं पाठवणार? शेजारच्या मुदस्सिरचा सोफा दुपारपुरता आणला.
बाईंनी विचारलं, तीन महिन्यांत मटण-मच्छी कमी करावी लागली का? मी त्यांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. भाड्याची अडचण? छे! समुद्रात भर घालून श्रीमंतांसाठी पर्ल बेट बांधतायत, तिथल्या इमारती तयार झाल्या की तिकडेच बघणार, म्हटलं. तेवढ्यात अफशांने (आमची मुलगी, वय नऊ) इंग्रजीत जाहीर केलं की सोफा मुदस्सिर अंकलचा आहे. मी मोठ्याने हसलो. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नाव कुठेही जात नाही, कंपनीला फक्त निष्कर्ष देतो, नक्की अडचण नाही ना? मी म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह. आत अजरा भांडी आपटत होती.
इंटरव्ह्यू उत्तम झाला.

सोमवार, २३ एप्रिल
रिपोर्ट आला. या ग्रेडच्या कुटुंबांवर विशेष परिणाम नाही. अलाउन्स आहे तोच. कॅन्टीनमध्ये चौकशी केली. यादीतल्या बेनेडिक्टने लिझीबाईंना बदकाचं मोइली आणि फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, खिलवले होते. श्यामकडे पुरणपोळ्या. सगळ्यांनी सांगितलं, मजेत आहोत. कमाल आहे! वीस घरांत एकालाही खरं बोलता येऊ नये?
असिस्टंट मॅनेजर बाहेरून आणला.

शनिवार, २ जून
अजरा आणि अफशांला विमानात बसवलं. तात्पुरतं. सप्टेंबरपर्यंत घर मिळेल, इन्शाल्ला. अफशां एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देते. आज मराठीत म्हणाली, अब्बा, तुम्ही पण चला ना.
पार्किंगमध्ये गाडी सापडेना. बराच वेळ सापडली नाही.

मंगळवार, ४ सप्टेंबर, इंडस्ट्रियल एरिया
कंपनीची खोली. सहा पलंग. घर मिळालं नाही.
लिझीबाईंचा फोन आला होता, सर्व्हेची दुसरी फेरी. या वेळी सगळं खरं सांगायचं. रात्री बसून मुद्दे काढले, बावीस झाले. आज त्या ऑफिसात आल्या. मी अर्धा तास बोललो. भाडं, अफशांची सुटलेली शाळा, अजराचा फोनवरचा आवाज, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. फॉर्म मात्र उघडला नाही.
मग हळू आवाजात म्हणाल्या, कासमभाई, रिसर्च कुटुंबांवर आहे. खोलीवर एकटा राहणारा माणूस आम्ही कुटुंब धरत नाही. यादीतून तुमचं नाव काढायला सही लागेल.
केली.