पानातला सोंड्या

८ फेब्रु., शनि.
या घरात फोन वाजला की सगळे बहिरे होतात. मुलगा विलास बाहेर बर्फ शोव्हल करत होता, सूनबाई वॉशरूममध्ये. शेवटी मीच उचलला. नात रेवा, कॅमेरूनहून. तिथल्या नदीतले मासे वाचवायचं तिचं काम. आवाज रडका. गावातल्या बायका तिच्याशी बोलतच नाहीत.
मागणं एवढंच, की पाऊस येईपर्यंत एका डोहात जाळं टाकू नका. सोंडेसारखं तोंड असलेला मासा तिथे तग धरतो, पावसात अंडी घालतो. बायका मच्छरदाणीने उपसतात, बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. लवकरच उपसणार.

९ फेब्रु.
खोदून विचारलं तेव्हा निघालं. पहिल्याच दिवशी गावातल्या थोरल्या बाईने जेवायला बसवलं. पानात तोच सोंड्या. ही म्हणाली, नको.
"आजी, एंडेंजर्ड आहे तो."
"शिजलेला वाचणार होता का?"
लोकांच्या दारात पान सरकवायचं, वर त्यांच्याच डोहाचं शहाणपण सांगायचं. कुठल्या युनिव्हर्सिटीत शिकवतात हे.

११ फेब्रु., मंगळ.
उणे तीस. गुडघे.
थोरल्या बाईला तिथे मामा म्हणतात. बाईला मामा. असो. तिचा निरोप: पोरीशी बोलणार नाही, घरचं मोठं माणूस आणा. विलास इस्त्रीचा शर्ट घालून व्हिडिओवर बसला. तिने बघितलं आणि विचारलं, याला आई नाही का?
मग मी. माझं मराठी, रेवाचं फ्रेंच, पुढे तिथला एक मास्तर ते गावच्या बोलीत सांगणार. मामा सरळ म्हणाली, हिला आमचं अन्न घाण वाटतं?
"नाही. माझं सुकट चोरून खायची ही. पाऊस येईपर्यंत डोह सोड. मासा वाढला की तुझ्याच दारात बसून खाईल."
रेवाने डोळे वटारले.
"सांग तिला," म्हटलं. सांगितलं, तोंड पाडून.
मामा हसली. दात माझ्याएवढेच. पण तोवर पोरं काय खातील, म्हणाली. रास्त बोलली. रेवा म्हणे नदीच्या खालच्या अंगाला मोठ्या भोकांची जाळी चालतील. मामा बायकांना विचारणार. उत्तर रविवारी, आणि मलाच देणार.

१५ फेब्रु., शनि.
रेवाचा फोन. "आजी, खरंच खावा लागेल?"
म्हटलं, आधी मामाला हो तर म्हणू दे.
विलासला, सूनबाईला बजावलं. उद्या फोनला कोणी हात लावायचा नाही, मीच उचलणार. आंघोळीत असले तर दार बडवा.