फडकं काढलं कायले?

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८. सांज.

आज चर्चमधी कापणीचा सण झाला. साऱ्यायनं आपापल्या वावरातलं वेदीपुढे ठेवलं. मी नव्या चिन्नोर तांदळाची टोपली नेली. मुद्दाम मधोमध ठेवली अन् वरचं फडकं काढलं, वास सुटावा म्हणून. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, वास पार दारापर्यंत आला!" मी मान खाली घातली. पण बाकीच्यायनं ऐकलं का नाही, ते तिरप्या डोळ्यानं पाहून घेतलं.

घरी आली तं तळ्यावर मासे धरणारी शेजारीण सुंदरा दारात उभी. "मावशी, पोरगं तापलं आहे. पेजेपुरते तांदूळ दे." मी तिले कणी दिली. ती गेल्यावर सून म्हणते, "आत्याबाई, देवाले चिन्नोर अन् सुंदराले कणी?"

"तू आपली चूल पाहा!" मी खेकसली. खरं बोलली, म्हणूनच झोंबलं.

देवाले काय झाकलेलं दिसत नाही? मंग फडकं काढलं कायले?

आता चिन्नोर काढून ठेवला आहे. पदराखाली झाकून सुंदराकडे जातो, सुनेले सांगत नाही. पण तांदूळ काढाले उठली, तं पहिले डोकावून पाहिलं, सून कुठं आहे. तिनं पाहावं, असं वाटून राहिलं अजून.