फेसाची मिशी

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

ठिपकी पुन्हा गाभडली, वासरू गेलं, तुला रोज संध्याकाळी कणकण येते आणि कंबर धरते; एवढं सगळं एका ओळीत उरकून तू शेजारणीच्या भांडणावर गेलीस! आत्या, माझं संशोधन याच आजारावर आहे. गाईचा हा ताप कच्च्या दुधातून माणसाला होतो, आणि तू अजून धारोष्णच पितेस. ठिपकीच्या दुधाची बाटली बर्फात घालून तपासायला पाठव. राग मानू नकोस.

तुझी,
मिशीवाली

१० फेब्रुवारी

चि. मिशीवालीस,
अनेक आशीर्वाद.

बाटली पाठवली आहे. गोठ्याच्या दारात पेला घेऊन उभी राहणारी, फेसाची मिशी अंगणभर मिरवणारी पोर आता मला दूध कसं प्यावं ते शिकवते! खरं सांगू, अभिमान वाटला. ठिपकीला मात्र बोल लावू नकोस. हे गेल्यापासून घरात माझं ऐकून घेणारं तेवढंच कुणी उरलंय. आजार निघाला तर तिला नेतील का, ते आधी कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

दूध निर्दोष निघालं. आनंदाने पत्र लिहायला बसले, तेवढ्यात बाटलीच्या झाकणाला चिकटलेली साय दिसली. उकळून पाठवलंस ना, वाटेत नासू नये म्हणून? स्वतः कच्चं पितेस आणि माझ्या यंत्रांना तापवून पाजतेस! हसता हसता रडूच आलं. उकळल्यावर जंतू मरतात, मग सापडणार काय?

रविवारी मीच येते. तुझं रक्त घेईन, गाईंचंही. आजार निघाला तर ठिपकीला न्यावं लागेल; गाईचा हा आजार बरा होत नाही आणि गोठ्यातल्या बाकीच्यांना लागतो. तुला खोटं लिहवत नाही.

तुझी,
मिशीवाली

२ एप्रिल

चि. मिशीवालीस,
अनेक आशीर्वाद.

औषधाने कणकण गेली, कंबरही ऐकते आहे. ठिपकीला काल नेलं. गाडीत चढेना. मग मी पुढे झाले, तशी गुमान माझ्यामागे चढली. त्याचं फार वाईट वाटतं. तुझा राग नाही, पोरी.

बाकीच्या दोघी चांगल्या निघाल्या. त्यांचं दूध मी आता उकळते आणि दोन भांड्यांत उंचावरून खालीवर करते. आज पेला तोंडाला लावून आरशात पाहिलं. मिशी येते गं अजून. सुट्टी काढून ये.

वाट पाहणारी,
आत्या