सरूच्या पुस्तकाचं शेवटचं पान

प्रिय सरू,

हे पत्र मी सांगतेय आणि तुझ्या शाळेच्या मॅडम लिहून घेतायत. माझं ‘न्हाई’ त्या ‘नाही’ करतात, ‘हाय’चं ‘आहे’ करतात. म्हटलं करा, म्हातारीला तेवढीच धुतलेली साडी नेसवा. तुमच्या ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टरवाला सटवा दोन दिवस गावात आलाय, त्याच्याच हाती पाठवते. टोळीत अक्षर वाचता येणारी तूच एकटी, म्हणून मी बिनघोर बोलते. दुसऱ्या कुणाला सापडलं तर फार तर चूल पेटवतील.

इकडची खबर आधी. तळं पार उघडं पडलंय. टँकर आठ दिवसांनी येतो आणि माझी घागर पाइपाखाली आली की नेमका संपतो. गावची दूध सोसायटीही बंद झाली, तरी बबनराव चेअरमन रोज सकाळी कुलूप उघडून खुर्चीत बसतो. म्हटलं, बबनराव, म्हशी चारा छावणीत गेल्या, तू कशाला मागं राहिलास? लई लागलं त्याला. बोलत नाही आता.

मागच्या पावसाळ्यात, म्हणजे जो आलाच नाही त्या पावसाळ्यात, मॅडमनी पोरांकडून पुस्तकं लिहून घ्यायचं काढलं, ते तू विसरली नसशील. लायब्ररीतली इंग्रजी पुस्तकं सगळी बर्फाची आणि सफरचंदांची. पोरांना त्यातलं काय कळणार? तर पोरांनीच आपल्या घरचं इंग्रजीत लिहायचं आणि ते कपाटात ठेवायचं. झालं, तू वही घेऊन माझ्या मागं. आजी, कोपी कशी बांधतात सांग. आजी, मोळी कशी बांधतात सांग. वीस हंगाम मी ऊस तोडला, पण एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी भाकरी थापत सांगायची, बांबू असे वाकवायचे, वर उसाचं वाळकं पाचट, दार इतकं बुटकं की माणसानं वाकूनच आत शिरायचं. उसाच्या हिरव्या शेंड्याला, आपल्या वाढ्याला, तुला इंग्रजी शब्द सापडेना. मॅडम म्हणाल्या, तोच ठेव, वाचणारे शिकतील. मला लई भारी वाटलं. आपलं वाढं इंग्रजांच्या पंगतीला बसलं! मग तू विचारलंस, सहकारी कारखाना म्हणजे सगळ्यांचा, तर आजी, त्यात आपला वाटा कोणता? मी म्हटलं, वाढं. तेही लिहिलंस, कारटे.

शेवटचं पान तू एकटीनं लिहिलंस. मी पिठाचा हात पुसून त्यावर फिरवला आणि विचारलं, हे काय गं? तू म्हणालीस, तुझी स्तुती आहे. मी म्हटलं, मग मोठ्या अक्षरात लिही.

मग तोडीचा हंगाम आला. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बिनलग्नाचा पोरगा भारत म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम टोळीत घेत नाही. त्याच्या आईनं तुला मागितली. तुझा बाप जालिंदर आणि तुझी आई, दोघं माझ्या तोंडाकडं बघत बसली. आपल्या घरात माझा शब्द शेवटचा, हे तुला ठाऊक आहे. मी हो म्हटलं. मनाशी म्हटलं, हे दोघं सहा महिने तोडीला जाणार, वयात आलेली पोर म्हातारीजवळ कशी ठेवायची? इथं प्यायला पाणी नाही, तिकडं नदी तरी आहे. मलाही चौदाव्या वर्षी उजवलं होतं, मी मेले का?  तू नुसतं माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, लाजली. देवळामागं चार माणसांत अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी तुमचा ट्रक गेला. मॅडम चौकशीला आल्या, तर मी सांगितलं, नेकनूरला मावशीकडं गेली.

परवा शनिवारी शाळेनं आम्हा म्हाताऱ्यांना बोलावलं होतं. कपाटातली पुस्तकं वाचून दाखवली, एक ओळ इंग्रजीत, एक मराठीत. तुझं मॅडमनी वाचलं. कोपी, मोळी, वाढं, सगळं माझंच! मी कौशल्याबाईला कोपरानं ढोसत होते, ऐक, ऐक, हे मी सांगितलंय. मग शेवटचं पान आलं. मॅडमनी मराठीत सांगितलं, ‘आमच्या गावातल्या मोठ्या मुली लग्न करून तोडीला जातात. मी जाणार नाही. माझी आजी कुणाला भीत नाही. ती मला जाऊ देणार नाही.’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर येऊन भिंत धरली.

त्याच दुपारी मॅडमना खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्या त्यांच्याबरोबर शिरूरला पोलीस ठाण्यात जाते. तुझं वय, लग्नाचा दिवस, अक्षता कुणाकुणाच्या हातात होत्या, सगळं सांगते आणि अंगठा देते. जालिंदर परत माझं तोंड बघणार नाही. त्यालाही धरतील, मलाही धरतील. धरू देत, तुरुंगात रोज नळाला पाणी येतं म्हणे. चार-पाच दिवसांत तुमच्या उसाच्या फडावर पोलिसांची जीप येईल, तिच्यात एक बाई असेल. भिऊ नकोस. ती वय विचारेल. सासू म्हणेल, अठरा सांग. तू चौदाच सांग, टोळी ऐकेल इतक्या मोठ्यानं सांग. एवढ्यासाठी हे पत्र. घरी आल्यावर माझ्याशी अबोला धरलास तरी चालेल. तुझी भाकरी झाकून ठेवत जाईन, तू खा आणि शाळेला जा.

तुझीच, तू लिहिलंस तशी न निघालेली,
आजी भिवराबाई