वरच्या फळीवरचा येसर

अण्णा, तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली, आता कसलं भांडण, असं कुणीही म्हणेल. पण तीर्थपुरीच्या घरातलं स्वयंपाकघर तुम्ही बांधलंत आणि ते निस्तरायची वेळ माझ्यावर आली, तर मी दुसऱ्या कुणाशी भांडू? दिवाळी झाल्यावर आई तेलाचा रिकामा डबा उलटा घालून त्यावर चढली, आमटीत घालायचा येसर वरच्या फळीवरून काढायला. डबा कलंडला आणि तिचं मनगट मोडलं. भाऊ पुण्याहून आला आणि त्यानं सरळ सांगून टाकलं, आता बास, कपडे भर आणि माझ्याकडे चल. आई पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत बसली. तिला त्या घरातून हलायचं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, स्वयंपाकघरातलं सगळं मी तिच्या हाताच्या टप्प्यात आणून देते. त्यानंतर ती पुन्हा कशावर चढलेली दिसली तर खुशाल ने, मी एक शब्द बोलणार नाही.

ती फळी कशी झाली ते मला अजून लख्ख दिसतं. मी पाचवी-सहावीत असेन. जुनी चूल मोडून पक्कं स्वयंपाकघर बांधायचं चाललं आहे, शहाबादी फरशा भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. गवंडी विचारतो, "मालक, फळी कुठं धरू?" तुम्ही भिंतीपाशी जाता आणि हात वर करता. "इथं धर. म्हंजी उंदीर पोचायचा न्हाई." गवंडी तुमच्या बोटांपाशी कोळशाची रेघ ओढतो. तुम्ही सहा फूट उंच, अडतीवरचे मापाडी. मापं घेण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही असं लोक म्हणायचे. आणि जिला त्या फळीवरून रोज काही ना काही काढायचं होतं, ती त्या वेळी मागच्या दारी गवंड्यांसाठी चहा करत होती. तिला हाक मारावी, ये, जरा हात वर करून दाखव म्हणावं, एवढंही तुम्हाला सुचलं नाही. मी मात्र विचारलं होतं, "अण्णा, आईचा हात कसा पोचंल?" तुम्ही म्हणालात, "तू अभ्यास कर जा. मोठ्यायच्या मधी बोलू न्हाई." उंदीर तर पोचलेच, अण्णा. पहिल्याच पावसाळ्यात पोचले. पोचली नाही ती आई.

माझी नोकरी तुम्ही गेल्यानंतरची, म्हणून सांगते. जालन्याला बियाण्यांच्या एका कंपनीत गोदाम माझ्याकडे आहे. जड माल खाली, रोजचा कमरेपासून खांद्यापर्यंत, क्वचित लागणारा वर, आणि जुना आधी पुढे घ्यायचा, हे मी दिवसभर लोकांना सांगत असते आणि लोक ऐकतात. मला वाटलं, चार फळ्यांचं स्वयंपाकघर ते काय! रजा टाकून गेले आणि तुमची वरची फळी रिकामी केली. काय काय निघालं म्हणून सांगू. तूरडाळ तीन डब्यांत थोडी थोडी, त्यातल्या एकात नुसते किडे. गुळाची ढेप फडक्यासकट डब्याला चिकटलेली. कुरडयांचा चुरा, कधीचे कोण जाणे हुलगे, आणि झाकण एकाचं तर डबा दुसऱ्याचा. मी सगळं निवडलं, वाळवलं, आतलं बाहेरून दिसेल असे नवे डबे आणले, त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत नावं चिकटवली. पीठ ओट्याखाली, डाळी कमरेच्या उंचीला, जिरं, तिखट आणि येसर डोळ्यांसमोर. आई गळ्यात हात अडकवून पाटावर बसली होती आणि मी काहीही विचारलं की म्हणत होती, "बराबर हाय, बराबर हाय." मला वाटलं, झालं काम.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तर येसर वर. गूळ वर, चहापत्ती वर. माझे नवे कोरे डबे नावांसकट तुमच्या फळीवर ओळीनं बसलेले. प्लास्टरमधल्या हातानं हे कसं चढवलंस, असं विचारलं तर आई पदरानं ओटा पुसायला लागली. तेवढ्यात शेजारची सून आली. म्हणाली, "ताई, म्याच ठिवलं. काकू म्हणल्या, वर ठिव. अन् काढून द्यायला बी मलाच हाका मारत्यात. आत्ता गूळ, मंग पत्ती. माझं तान्हं लेकरू घरी टाकून येती मी." ती गेल्यावर माझं डोकंच फिरलं. मी आईवर ओरडले, "तुला पुण्याला जायचंय का? भाऊला एक फोन केला की येऊन घेऊन जाईल तुला." तुम्ही असतात तर आवाज खाली कर म्हणाला असतात. पण आवाज चढवल्याशिवाय आपल्या घरात बायकांचं ऐकलंय कुणी?

आईनं प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुझी आजी वसरीवर बसून राह्यची. तिच्यासमोर नवऱ्याला काय म्हणून आत बोलवावं? सुनेनं बोलायचं न्हाई, हासायचं न्हाई. वरचा डबा काढून द्या म्हणलं, तर मातर कुणी काई म्हणत न्हवतं. ते यायचे. तेवढ्यात चार शब्द बोलून घ्यायची मी. तुझ्या कालेजाचं तिथंच बोल्ले. गुळाचा डबा हातात धरून उभे राह्यले बिचारे, अन् म्हणले, बरं, जाऊ दे जालन्याला."

खरं तर मला गहिवरून यायला हवं होतं. पण आला तो संताप. नवऱ्याशी चार शब्द बोलायला बाईला गुळाचं निमित्त लागावं! माझं शिक्षण, माझी नोकरी, सगळं एक डबा खाली उतरवेपर्यंतच्या वेळात ठरलं आणि ते मला आत्ता, या वयात कळतं आहे. आजीचं समजू शकते मी. पण आजी गेल्यावर घरात कोण होतं तुम्हाला अडवायला? तेव्हाही तुम्ही ओसरीवरच पेपर धरून बसायचात आणि बोलावलं तरच आत यायचात. स्वतःहून येऊन एकदा पाटावर बसला असतात, आज काय करतेस म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं, अण्णा? "बिचारे" म्हणे! मला तो शब्द अजून सहन होत नाही.

फळी आहे तोवर तिच्यावर डबे चढणार, आणि शेजारची सून माहेरी गेली की आई पुन्हा तेलाचा डबा उलटा घालणार, हे मला दिसत होतं. मी गवंडी बोलावला. फळीची फरशी लवकर निघेना, काम तुम्ही पक्कंच करून घेतलेलं. आईनं गवंड्याला चहा दिला आणि मला दिला नाही. रिकाम्या भिंतीचा फोटो भावाला पाठवला तर तो म्हणाला, "आता बराबर केलं. राहू दे मंग तिला तिथंच." जे मिळवायला गेले होते ते मला मिळालं. आई मात्र मी निघेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आता तिचा फोन येतो. सकाळी गोदामाच्या दारात गाडी लागलेली असते, हमाल खोळंबलेले असतात आणि आई विचारते, "अगं, जिरं कुठं ठिवलंस?" जिरं तिच्या नाकासमोर आहे. संध्याकाळी पुन्हा, "येसर सापडून न्हाई राह्यला." पहिल्यांदा मी चिडले, म्हटलं, "समोर तर आहे, नीट बघ की." ती म्हणाली, "हाव, दिसला," आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस तिचा फोन आला नाही.

तुम्हाला तरी कळत होतं का, अण्णा? का तुम्ही खरोखर नुसता डबा काढून द्यायला येत होतात? हे आईला विचारायची माझी छाती नाही आणि तुम्हाला विचारायला पत्ता नाही, तेव्हा हा कागद माझ्याकडेच राहील. राग गेलेला नाही, तो जाईल असंही वाटत नाही. पण हल्ली तिनं जिरं कुठं आहे विचारलं की मी गाडीवाल्याला हातानं थांब म्हणून खुणावते, बाजूला जाते आणि म्हणते, "थांब गं, मला जरा आठवू दे."